हिंवाळा आणि विजेची मोटार

विजेच्या मोटारीचा इतिहास सांगावयाचा म्हणजे वक्त्यानें पॅरिस किंवा न्यूयॉर्क येथून आरंभ करावा असा प्रघात आहे. मी मात्र आपणांस प्रथम नॉर्वेंतील गुडब्रान्सडाल नांवाच्या दरींत नेणार आहें, आणि तेंहि ऐन फेब्रुवारींत, उणे बावीस अंशांच्या थंडींत.

कांहीं वर्षांपूर्वीं मी माझ्या पुतणीकडे ओस्लो येथें गेलों होतों. ती व तिचे यजमान मला घेऊन डोव्रे पर्वताच्या बाजूस असलेल्या डोम्बोस या गांवीं निघालीं. अंतर सुमारें साडेतीनशें किलोमीटर. घरून निघतांना मोटारीच्या फलकावर तीनशें ऐंशी हा आंकडा उमटला होता. म्हणजे एवढें अंतर जाण्यापुरती शक्ति बॅटरींत आहे. माझ्यासारख्या पुणेकरास हिशेब सोपा वाटला. तीनशें ऐंशींतून साडेतीनशें गेले, तीस शिलकी राहिले. मीं तसें बोलून दाखवितांच पुतणी हंसली व म्हणाली, "काका, हा आंकडा उन्हाळ्याचा. हिंवाळ्यांत त्यांतला तिसरा हिस्सा थंडीला द्यावा लागतो."

लिलेहामर येईपर्यंत आम्ही एकशें ऐंशी किलोमीटर आलों होतों, पण फलकावरून दोनशें साठ नाहींसे झाले होते. तेथील चार्जिंगच्या केंद्रावर मोठी रांग होती. म्हणून जेवण उरकून पुढें रिंगेबूस बॅटरी भरावी असें ठरलें. जेवणास दोन तास लागले. तेवढ्यांत बाहेर उभी असलेली मोटार आणि तिच्या पोटांतील बॅटरी दगडासारखी गार झाली. रिंगेबूच्या अलीकडे शेवटचे वीस किलोमीटर आम्ही मोटारींतील ऊब बंद ठेवून काढले. कांचा आंतून धुरकट होत होत्या, माझीं पावलें बधिर झालीं होतीं, आणि कोणी फारसें बोलत नव्हतें. केंद्र गांठलें, तार जोडली, तर वीज आंत जावयास तयार नाहीं! ज्या कामास एरवीं अर्धा तास पुरतो त्यास सव्वा तास लागला. त्या सव्वा तासांत मला पडलेला प्रश्न अगदीं साधा होता. थंडी जर या वाहनाची अशी दशा करते, तर जगांतील अतिशय थंड देशांपैकीं एका देशानेंच तें सर्वांआधीं घरोघर कां नेलें? परत आल्यावर त्या उत्तरासाठीं जें वाचलें, त्यांतील कांहीं आज सांगतों.

प्रथम थंडी करते काय तें पाहूं. बॅटरी म्हणजे विजेची कोठी अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्या पेटींत वीज भरून ठेवलेली नसते. तेथें एक रासायनिक क्रिया अर्ध्यावर थोपवून धरलेली असते. आपण कळ दाबली कीं ती क्रिया पुढें सरकते व तारेंतून प्रवाह वाहूं लागतो. आणि रासायनिक क्रिया मंदावण्यास थंडीसारखें साधन नाहीं. दूध शीतकपाटांत कां टिकतें हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शिशाचे पत्रे गंधकाम्लांत बुडवून पुनःपुन्हां भरतां येणारी पहिली बॅटरी केली, आणि १८८१ मध्यें कामीय फोर यानें तिच्यांत सुधारणा करून ती व्यवहारांत आणली. पहिल्या विजेच्या मोटारी चालल्या त्या याच शिशाच्या बॅटरीवर. शून्याखालीं अठरा अंशांवर ती आपली जवळजवळ निम्मी शक्ति गमावते. आणखीहि एक खोड तिच्या अंगीं आहे. ती भरलेली असली म्हणजे आंतील अम्ल तीव्र असतें व उणे पन्नास अंशांच्या थंडींतहि गोठत नाहीं. परंतु ती रिकामी होत गेली कीं अम्लाचें जवळजवळ पाणी होतें आणि उणे आठ अंशांच्या सुमारास त्याचा बर्फ होऊं लागतो. ज्या चालकानें संध्याकाळीं रिकामी बॅटरी तशीच तबेल्यांत ठेवली, त्यास सकाळीं फुटलेली पेटी हातीं येण्याचा संभव असे.

असें असूनहि पहिल्या काळांत हिंवाळा हा विजेच्या मोटारीचा शत्रु नव्हता, मित्रच होता, असें म्हटल्यास आपणांस आश्चर्य वाटेल. पण त्या वेळची पेट्रोलची मोटार कशी होती हें डोळ्यांसमोर आणा. यंत्र सुरू करण्यासाठीं पुढें उभें राहून लोखंडी दांडा गरगर फिरवावा लागे. थंडींत तेल काकवीसारखें घट्ट होई व दांडा हलतां हलत नसे. हलला तर कधीं कधीं उलटा झटका देऊन मनगट मोडी. यंत्र थंड ठेवण्याचें पाणी रात्रीं गोठून यंत्रास तडा जाईल म्हणून तें संध्याकाळीं काढून टाकावें लागे. अमेरिकेच्या उत्तर भागांतील कित्येक मालक तर पहिला बर्फ पडतांच मोटार ठोकळ्यांवर चढवून ठेवीत, ती वसंतांतच खालीं उतरे. उलट विजेच्या मोटारींत बसावें, दांडी पुढें करावी, कीं ती निघाली! रात्रीं-अपरात्रीं रोग्याकडे जावें लागणाऱ्या डॉक्टरांनीं आणि शहरांतील सधन घरच्या स्त्रियांनीं ती पसंत केली ती उगीच नव्हे.

१९०० सालीं अमेरिकेंत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकीं १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि केवळ ९३६ पेट्रोलच्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षीं कामीय जेनात्सी या बेल्जियन गृहस्थानें पॅरिसजवळ विजेच्या गाडींतून ताशीं शंभर किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली होती. पण वेगाच्या या विक्रमापेक्षां मला डेट्रॉइट इलेक्ट्रिक या मोटारीचें चरित्र अधिक बोधप्रद वाटतें. १९०७ पासून १९३९ पर्यंत ती तयार होत होती. कांचेच्या दिवाणखान्यासारखी तिची बंद रचना, ताशीं तीस-बत्तीस किलोमीटरचा सावकाश वेग आणि गुडघ्यांवर केसाळ कातड्याचें पांघरूण घेऊन आंत बसलेली मालकीण! स्वतः हेन्री फोर्डची पत्नी क्लारा हिनें आपल्या पतीच्या जगप्रसिद्ध पेट्रोल-गाडीऐवजीं हीच मोटार वापरली. पति कारखान्यांत काय करतो याहून सकाळीं दारांत काय सुरू होतें याला संसारी स्त्री अधिक किंमत देते, एवढाच त्याचा अर्थ मी घेतों.

शिशाची बॅटरी जड व अल्पायुषी म्हणून एडिसननें निकेल आणि लोखंड यांची बॅटरी काढली. पहिला नमुना गळूं लागल्यानें त्यास तो १९०४ सालीं मागें घ्यावा लागला. सुधारलेला १९०९ मध्यें आला आणि १९११ पासून डेट्रॉइट इलेक्ट्रिकमध्यें तो जादा किंमतीस मिळूं लागला. ही बॅटरी चिवट होती. हाल सोसावे, उपाशी राहावें, तरी वर्षानुवर्षें चालावें असा तिचा स्वभाव. परंतु थंडीपुढें तिनें शिशापेक्षांहि लौकर मान टाकली. ज्या उत्तरेकडील शहरांत विजेच्या मोटारीस खरें गिऱ्हाईक होतें, त्याच शहरांत एडिसनची ही दहा वर्षांची मेहनत डिसेंबरपासून फिकी पडे.

तेवढ्यांत पेट्रोलच्या मोटारीनें एक चतुराई केली. चार्ल्स केटरिंग याच्या कल्पनेप्रमाणें १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा स्वयंचालक बसविण्यांत आला. कळ दाबतांच एक लहान विद्युत्-यंत्र मोठ्या यंत्रास फिरवूं लागे. तें यंत्र चाले कशावर? प्लांतेच्या त्याच शिशाच्या बॅटरीवर! विजेच्या मोटारीचा पराभव झाला तो तिचेंच हत्यार उसनें घेऊन, ही गोष्ट पुष्कळ इतिहासकार ओझरती सांगतात. मला ती साऱ्या कथेचा कणा वाटते. पुढेंहि हें उसनें घेणें थांबलें नाहीं. अमेरिकेंतील नॉर्थ डाकोटा म्हणजे भयंकर हिंवाळ्याचा प्रदेश. तेथल्या अँड्र्यू फ्रीमन यानें मोटारीचें यंत्र रात्रभर विजेनें कोमट ठेवण्याचें साधन काढून १९४९ सालीं त्याचें पेटंट घेतलें. कॅनडाच्या मैदानी शहरांत आणि उत्तर युरोपांतहि अशीं साधनें सर्वत्र पसरलीं. वाहनतळावर ओळीनें विजेचे खुंटे, आणि प्रत्येक पेट्रोल-मोटारीच्या नाकांतून लोंबणारी एक तार. म्हणजे विजेची मोटार रस्त्यांतून नाहींशी झाल्यावरहि, दररोज रात्रीं मोटारीस तार जोडण्याची संवय थंड देशांत कायमच राहिली. ही संवय पुढें फार कामास आली.

मधला काळ मी झटकन् ओलांडतों. १९९६ सालीं जनरल मोटर्सनें ईव्ही-१ नांवाची विजेची मोटार भाड्यानें देण्यास आरंभ केला तो दक्षिण कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना येथें, म्हणजे जेथें बर्फ बहुधा चित्रांतच पाहावयाचा. शिशाच्या बॅटरीवरील मोटार घेऊन डेट्रॉइटच्या हिंवाळ्यास तोंड देण्याची हौस डेट्रॉइटच्याच त्या कंपनीस नसावी.

आतां नॉर्वेकडे वळूं. १९८९ सालीं तेथील आ-हा या गायकवृंदांतील मॉर्टन हार्केट व मॅग्ने फुरुहोल्मेन आणि बेलोना या पर्यावरणवादी संस्थेचा फ्रेडरिक हाउगे यांनीं स्वित्झर्लंडमध्यें विजेवर चालती केलेली एक छोटी फियाट पांडा देशांत आणली. मग त्यांनीं एक खोडसाळ सत्याग्रह आरंभिला. पथकराच्या नाक्यावर थांबावयाचें नाहीं, पैसे द्यावयाचे नाहींत, दंड झाला तर तोहि भरावयाचा नाहीं. शेवटीं सरकारनें मोटार जप्त करून लिलांवांत काढली, आणि वर्तमानपत्रांस हवा तो मजकूर मिळाला. सरकार हळूहळू वळलें. १९९० सालीं आयात-कर उठला, तात्पुरता म्हणून उठला तो पुढें कायम झाला; १९९७ मध्यें पथकर माफ झाला, १९९९ मध्यें नगरपालिकेच्या वाहनतळावर जागा फुकट मिळूं लागली, २००१ मध्यें विक्रीवरील कर गेला, आणि २००५ पासून या मोटारींना बसगाड्यांच्या राखीव मार्गानें जाण्याची मुभा मिळाली. राजधानींतील सकाळच्या गर्दींत अडकलेल्या माणसास ही शेवटची सवलत बाकी सगळ्यांपेक्षां गोड वाटली असेल. अलीकडच्या वर्षांत यांतील बहुतेक सवलती आटोपत्या घेण्यांत आल्या आहेत.

आरंभींचीं वाहनें मात्र दयनीय होतीं. १९९४ सालीं लिलेहामर येथें हिंवाळी ऑलिंपिक सामने झाले तेव्हां पिव्हको या नॉर्वेजियन कंपनीच्या प्लॅस्टिकच्या अंगाच्या छोट्या मोटारी तेथें चालविल्या गेल्या. त्यांतूनच पुढें थिंक नांवाची मोटार निघाली. तिची बॅटरी निकेल-कॅडमियमची, जी थंडींत तग धरते. पण एका भरणींत ती ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरच जाई. १९९९ सालीं फोर्डनें ही कंपनी विकत घेतली, सुमारें हजार मोटारी काढल्या आणि थोड्याच वर्षांत अंग काढून घेतलें. त्याच काळांत आपल्या बंगळूरची रेवा हीहि नॉर्वेच्या बर्फांतून धांवत होती हें सांगावयास मला अभिमान वाटतो, आणि थोडी कींवहि येते. २००१ सालीं ती आपल्याकडे विक्रीस आली; पुढें २०१० मध्यें मुंबईच्या महिंद्र कंपनीनें ती संस्था हातीं घेतली. बंगळूरच्या सुखद हवेसाठीं घडलेली, शिशाच्या बॅटरीवर चालणारी ती इवलीशी गाडी उत्तर ध्रुवाकडच्या देशांत काय भोगीत असेल!

खरें परिवर्तन लिथियम-आयन बॅटरीनें घडविलें. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांच्या संशोधनांतून ती सिद्ध झाली. १९९१ सालीं सोनी कंपनीनें ती बाजारांत आणली, आणि त्या तिघांस २०१९ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. वजनाच्या मानानें ती शिशाच्या कित्येक पट शक्ति वाहते. पण थंडीचा जाच तिलाहि चुकलेला नाहीं. आंतील द्रव दाट होतो, लिथियमचे कण मंद गतीनें सरकतात. आणि गोठणबिंदूच्या खालीं घाईनें भरूं गेल्यास हे कण आंत मुरण्याऐवजीं धातूच्या रूपानें पृष्ठभागावरच थर धरतात व बॅटरी कायमची बिघडते. म्हणून मोटारच सावध होऊन प्रवाह रोखून धरते. रिंगेबूस आमच्या मोटारीनें वीज नाकारली तो तिचा हट्ट नव्हता, शहाणपण होतें. अगोदर बॅटरी ऊन करून मग भरणें हा त्यावर उपाय, आणि लिलेहामरला दोन तास जेवत बसून आम्हीं नेमकें त्याच्या उलट केलें होतें!

दुसरी अडचण माणसांच्या उबेची. पेट्रोलचें यंत्र इंधनांतील निम्म्याहून कितीतरी अधिक शक्ति नुसत्या उष्णतेच्या रूपानें उधळून टाकतें. त्या उधळपट्टींतून आंत बसलेल्यांस फुकट ऊब मिळते. विजेचें यंत्र काटकसरी आहे. तें जवळजवळ कांहींच वायां घालवीत नाहीं, आणि म्हणून पाहुण्यास ऊब द्यावयाची तर ती मुद्दलांतूनच काढावी लागते. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीनें २०११ च्या सुमारास आपल्या सी-३० या विजेच्या मोटारींत केवळ ऊब देण्यासाठीं मद्यार्कावर जळणारी शेगडी बसविली होती. पुढें शीतकपाटाच्या उलट चालणारा उष्णतेचा पंप आला. बाहेरच्या थंड हवेंतहि जी थोडी उष्णता असते ती ओढून तो आंत सोडतो. २०१२ सालच्या रेनो झोईमध्यें आणि २०१३ च्या निस्सान लीफमध्यें तो होता. कडाक्याच्या थंडींत मात्र त्याचाहि जोर ओसरतो.

हे सारे दोष नॉर्वेच्या लोकांनीं झांकून ठेवले नाहींत, आणि मला वाटतें त्यांच्या यशाचें मर्म बरेंचसें येथें आहे. तेथील मोटार-संघ २०२० पासून दर हिंवाळ्यांत व दर उन्हाळ्यांत बाजारांतील मोटारी रस्त्यावर आणून, बॅटरी पार संपेपर्यंत चालवून त्यांची परीक्षा घेतो. पहिल्या हिंवाळ्यांत वीस मोटारी होत्या. कारखानदारांनीं सांगितलेल्या अंतरापेक्षां त्या सरासरीनें शेंकडा साडेअठरा कमी गेल्या. हे आंकडे नांवानिशीं छापले जातात. ज्यास हिंवाळ्यांत तोटा किती हें आधींच ठाऊक आहे तो तेवढा हिशेब करून निघतो. माझ्यासारखा तीस किलोमीटर शिलकी धरून बसत नाहीं.

शिवाय देशांत पाणी आहे. नॉर्वेंतील सुमारें नऊ-दशांश वीज धबधब्यांपासून होते. उत्तर टोंकाच्या हॅमरफेस्ट गांवीं १८९१ सालींच रस्त्यांवर विजेचे दिवे लागले होते. समुद्रांत सांपडलेलें तेल परदेशीं विकून आलेल्या संपत्तीमुळें घरच्या करमाफीचा भार सोसला, यांतील विसंगति त्यांच्या टीकाकारांनीं दाखविली आहे आणि ती खोटी नाहीं. पण परिणामहि खोटा नाहीं. सप्टेंबर २०२४ मध्यें तेथील नोंदलेल्या विजेच्या मोटारींची संख्या पेट्रोलच्या मोटारींहून अधिक झाली. त्या एका वर्षांत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकीं शेंकडा जवळजवळ एकूणनव्वद विजेच्या होत्या.

त्याच वर्षाच्या जानेवारींत अमेरिकेंतील शिकागो शहरावर थंडीची लाट आली. पारा उणे अठरांच्याहि खालीं गेला आणि चार्जिंगच्या केंद्रांवर विजेच्या मोटारींच्या लांब रांगा लागल्या. कित्येक तर रांगेंतच बंद पडून ओढून न्याव्या लागल्या. मोटारी त्याच, थंडी नॉर्वेएवढीच. फरक घराचा होता. ज्यांस आपल्या दारीं रात्रभर तार जोडण्याची सोय नव्हती, ते गार पडलेली, रिकामी बॅटरी घेऊन भर थंडींत सार्वजनिक केंद्रावर येत आणि तासन्‌तास तिष्ठत. आमच्या मुंबई-पुण्याच्या इमारतींतून राहणाऱ्या श्रोत्यांनीं या गोष्टीचा विचार करावा. आपल्याकडे बर्फ नाहीं, पण जिना आहे.

बर्फाच्या वादळांत वाट बंद झाली तर गाडींत माणसें गारठून मरतील ही भीति मात्र मला अतिरंजित वाटते. उभ्या मोटारींत ऊब राखण्यास एक-दोन किलोवॉट शक्ति पुरते. पन्नास-साठ एकक शिल्लक असलेली बॅटरी एक दिवस-रात्र सहज काढील. प्रश्न शिल्लक किती आहे हाच. रिंगेबूच्या अलीकडे आमच्याजवळ ती नव्हती, म्हणून त्या वीस किलोमीटरांत कोणी बोलत नव्हतें.

डोम्बोसला आम्ही रात्रीं नऊ वाजतां पोहोंचलों. पुतणीनें सामानाला हात लावण्यापूर्वीं भिंतीवरची तार ओढून मोटारीस जोडली आणि सकाळीं साडेसातला आंत ऊब असावी असें फलकावर नोंदवून ठेवलें. शेजारच्या घरच्या म्हाताऱ्या गृहस्थाची जुनी पेट्रोलची मोटार पलीकडे उभी होती. तोहि कंदील घेऊन बाहेर आला, वाकून आपल्या गाडीच्या नाकाशीं कांहींसें चाचपलें, आणि एक काळी तार जोडून आंत निघून गेला. सकाळीं उठून पाहिलें तों त्याच्या अंगणांतून एक व आमच्या अंगणांतून एक, अशा दोन तारा बर्फावर पडलेल्या होत्या, आणि दोन्ही मोटारींच्या कांचा निवळलेल्या होत्या.